फुकेतची निवांत सुट्टी: गजबज चालत जाण्याच्या अंतरावर असावी, उशाशी नसावी

ताई, नमस्कार. आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर आपल्याला लगेच सांगता येईल. आपण कोल्हापुरात राजारामपुरीत राहता. आपण दोघे, १४ आणि ९ वर्षांची मुले आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या ६२ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण ६ रात्रींसाठी थायलंडच्या फुकेत बेटावर जाण्याच्या विचारात आहात. यजमानांना संध्याकाळी दिवे, बाजार आणि माणसांची वर्दळ हवी आहे, तर आपल्याला नोकरी आणि घर या दोन्हींतून थोडे दिवस खरी विश्रांती हवी आहे. एका टूरवाल्याने तीन हॉटेले आणि रोज एक सहल असा कार्यक्रम हातात ठेवला आहे. पातोंग या गजबजलेल्या किनाऱ्यावर राहावे की लांबच्या एखाद्या शांत रिसॉर्टमध्ये, आणि मे महिन्यात जावे की दिवाळी-नाताळच्या सुट्टीत, असे आपण विचारले आहे.

मी कोल्हापुरात गेली १८ वर्षे कुटुंबांच्या सहली आखण्याचे काम करतो आणि हा प्रश्न दर हंगामात वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर येतो. माझ्या मते पातोंग की रिसॉर्ट हा त्यातला खरा प्रश्न नाही. घरातल्या कोणाला, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती गजबज हवी आहे, हा खरा प्रश्न आहे. यजमानांना ती संध्याकाळी सात ते दहा हवी आहे, आपल्याला सकाळी नको आहे आणि सासूबाईंना रात्री नको आहे. या तीन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. हॉटेल चुकीच्या गल्लीत घेतले किंवा दिवस सहलींनी गच्च भरले, की मगच त्या एकमेकींच्या आड येऊ लागतात.

टूरवाल्याच्या कार्यक्रमाबद्दल स्पष्टच सांगतो. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला सकाळी अंबाबाईचे दर्शन घडवतो, दुपारी जोतिबा आणि पन्हाळा दाखवतो, संध्याकाळी रंकाळ्यावर नेतो आणि दुसऱ्या दिवशी नरसोबाची वाडी व खिद्रापूर करून आणतो. पाहुणचार म्हणून ते योग्यच आहे. पण तीच पद्धत समुद्रकिनाऱ्याच्या सुट्टीला लावली, तर माणूस सहा दिवस गाडीतून चढ-उतार करून येतो आणि घरी आल्यावर दोन दिवस झोपून काढतो. म्हणून मी कार्यक्रम उलट्या बाजूने आखतो. आधी रिकाम्या सकाळी ठरवतो आणि त्या कागदावर पक्क्या लिहितो. उरलेल्या जागेतच सहली बसवतो. ६ रात्रींत तीन हॉटेले म्हणजे दोन वेळा सामान बांधणे, दोन वेळा दुपारी दोनपर्यंत खोलीची वाट पाहणे आणि सासूबाईंना दोन वेळा नव्या बाथरूमची सवय करून घ्यायला लावणे. एकच हॉटेल घ्या, ही माझी पहिली आणि सर्वांत ठाम सूचना आहे.

आता महिन्याकडे येतो, कारण बाकी बरेच काही त्यावर अवलंबून आहे. फुकेत थायलंडच्या पश्चिम बाजूला अंदमान समुद्रात आहे आणि त्याचे सगळे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. आपल्या कोकणावर येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथेही साधारण मे ते ऑक्टोबर याच बाजूने येतो. या काळात पाऊस दिवसभर पडतोच असे नाही, बरेचदा तासाभराची जोरदार सर येऊन ऊनही पडते, पण समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. लहान मुलांना घेऊन पाण्यासाठी गेलेल्या कुटुंबाला सहापैकी चार दिवस पाण्यात उतरताच आले नाही, तर स्वस्तात मिळालेल्या हॉटेलचा आनंद टिकत नाही. शिवाय सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असते. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट उलटून ४७ जणांचा मृत्यू झाला होता. ही घटना मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण पावसाळ्यात हवामानाचा इशारा असताना स्पीडबोटीचे पैसे बुडाले तरी चालतील, बोटीत बसायचे नाही, एवढा निर्णय घरूनच करून निघावा.

मे महिन्याशिवाय दुसरी सुट्टी मिळतच नसेल, तर बेट बदला. थायलंडच्या पूर्वेकडील आखातात कोह समुई हे बेट आहे आणि त्याचे पावसाचे गणित वेगळे आहे. गगनबावड्याला कोसळणारा पाऊस जतला पोहोचेपर्यंत कसा संपलेला असतो, हे आपण जाणतोच. तसाच मुख्य भूमीचा आडोसा समुईला मिळतो आणि जून ते ऑगस्टमध्येही तिथे फुकेतपेक्षा बरे हवामान असते. समुईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये, चेन्नईसारखा परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे मेमध्ये समुई आणि दिवाळीनंतर फुकेत, असा सरळ हिशेब आहे. समुईचा चावेंग किनारा गजबजलेला आणि बोफूतचा भाग त्या मानाने शांत आहे, त्यामुळे खाली जे फुकेतबद्दल लिहितो त्यातले बरेचसे तर्क तिथेही लागू पडतील.

नाताळच्या आठवड्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. हवामान उत्तम असते, पण २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात खोल्यांचे भाव कित्येक ठिकाणी दुपटीच्या घरात जातात आणि अनेक हॉटेले २४ किंवा ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाचे पैसे सक्तीने घेतात. आपल्या घरातले निम्मे लोक त्या जेवणातले फारसे काही खाणार नसतील, तर तो खर्च अंगावर येतो. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा मिळत असेल तर तो घ्यावा. पाडवा-भाऊबीज घरी करून निघता येते, पाऊस ओसरत आलेला असतो आणि हंगामाची गर्दी अजून सुरू व्हायची असते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याकडे सरकलेल्या वर्षी मात्र एखाद-दुसरा दिवस पावसात जाईल, हे मनाशी धरून ठेवावे.

राहण्याच्या जागेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सुट्टी इथेच जमते किंवा बिघडते. बेट उत्तर-दक्षिण साधारण ५० किलोमीटर लांब आहे. विमानतळ उत्तर टोकाला आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे बांग ताओ, सुरीन, कमला, पातोंग, कारोन, काता आणि काता नोई असे किनारे ओळीने लागतात. पातोंग हा त्यातला सर्वांत गजबजलेला. त्याच्या मध्यावर बांगला रोड आहे. तो संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि मग तिथे मध्यरात्रीनंतरही बराच वेळ दारूचे बार आणि संगीत चालू राहते. हा रस्ता मोठ्यांच्या करमणुकीचा आहे, हे १४ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी आधीच माहीत करून घ्यावे. संध्याकाळी साडेसात-आठला दिवे पाहत एक फेरी मारली तर काही बिघडत नाही. दहानंतर मुलांना घेऊन तिथे जाऊ नये, कारण हातात चित्रांचे फलक घेऊन शोची तिकिटे विकणारे लोक मुले बरोबर आहेत की नाहीत हे पाहत नाहीत.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी इचलकरंजीच्या एका कुटुंबाला बांगला रोडच्या मागच्याच गल्लीत हॉटेल घेऊन दिले. भाव चांगला होता आणि सगळे जवळ होते. रात्री एक वाजता त्यांचा फोन आला. खिडक्या बंद होत्या, तरी पलंगाशेजारच्या टेबलावरचे ग्लासातले पाणी संगीताच्या ठोक्याबरोबर थरथरत होते आणि त्यांचे वडील बाथरूमचे दार लावून आत खुर्ची टाकून बसले होते, कारण तिथे आवाज जरा कमी होता. दुसऱ्या दिवशी मी हॉटेल बदलून दिले आणि त्याचे पैसे मी भरले, पण त्या वृद्ध गृहस्थांची ती रात्र मला परत देता आली नाही. तेव्हापासून मी हॉटेलच्या जाहिरातीतील ‘सगळ्याच्या मध्यभागी’ हे वाक्य वाचले की नकाशा उघडतो आणि संगीत जिथे वाजते तिथपासून खोलीपर्यंतचे अंतर मोजतो.

आपल्या घरासाठी मी कारोनचे दक्षिण टोक किंवा काता सुचवतो. कारोनचा किनारा लांब आणि मोकळा आहे आणि तिथल्या बारीक कोरड्या वाळूवर पाय घासून चालले की ती पायाखाली कुरकुरते, ९ वर्षांच्या मुलाला तेवढा एक खेळ अर्धा तास पुरतो. कातामध्ये संध्याकाळी खाण्याचे स्टॉल, फळांचे रस, कपड्यांची दुकाने आणि माणसांची बेताची वर्दळ असते, म्हणजे यजमानांना हवे ते सगळे चालत जाऊन मिळते आणि रात्री अकराला परिसर बऱ्यापैकी शांत होतो. पातोंग तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. दोन संध्याकाळी तिकडे जाऊन येण्यात कसलीच अडचण नाही. बांग ताओसारखे उत्तरेकडचे मोठे रिसॉर्ट सुंदर आहेत, पण तिथे फाटकाबाहेर पाऊल टाकायला प्रत्येक वेळी गाडी लागते आणि तिसऱ्या दिवसापासून यजमानांना कोंडल्यासारखे वाटेल. यजमान आणि मुले तरुण उत्साहाचे असतील, सासूबाई बरोबर नसतील, तर मी पातोंगचाच दक्षिण भाग सांगितला असता. तेव्हा हे उत्तर आपल्या पाच जणांसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही.

हॉटेल नक्की करण्याआधी त्यांना तीन गोष्टी लेखी विचारा. हॉटेल आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता आहे का, हे पहिले. पातोंग आणि कारोनला समुद्राला लागून मोटारींचा रस्ता आहे, त्यामुळे जाहिरातीत ‘समुद्रासमोर’ असलेले हॉटेल बहुतेकदा रस्त्यापलीकडचे असते. दुसरे, खोलीपर्यंत लिफ्ट जाते का. काताची कित्येक हॉटेले डोंगरउतारावर बांधलेली आहेत, तिथून समुद्र फार सुंदर दिसतो आणि नाश्त्याला उतरायला साठ पायऱ्या असतात. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तिसरे, पाच जणांसाठी जोडून उघडणाऱ्या दोन खोल्या मिळतील का. ‘शेजारच्या’ आणि ‘आतून जोडलेल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोनवर दोन्हींना होकार मिळतो.

कोल्हापूरकरांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी हिशेबाबाहेर राहते, ती म्हणजे मुंबईपर्यंतचा प्रवास. बहुतेक लोक रात्रीची स्लीपर बस किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठतात, दिवस कुठेतरी नातेवाइकांकडे काढतात आणि त्या रात्रीचे किंवा पहाटेचे विमान घेतात. म्हणजे फुकेतला उतरेपर्यंत सलग दोन रात्रींची झोप गेलेली असते. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. सकाळी सातला विमान उतरले, नऊला हॉटेलवर पोहोचलो आणि खोली दुपारी दोनला मिळणार असली, तर ते पाच तास लॉबीतल्या सोफ्यावर जातात आणि पहिली भांडणे तिथेच होतात. यावर दोनच उपाय मला माहीत आहेत. विमान दुपारी उतरणारे घ्यावे, किंवा सकाळचेच मिळत असेल तर आदल्या रात्रीपासून खोलीचे पैसे भरून ठेवावेत. ही जादा रात्र बहुतेकांना उधळपट्टी वाटते, पण सहा दिवसांत मी सर्वांत आनंदाने खर्च करायला सांगतो ती हीच रक्कम. जमले तर निघताना मुंबईतही विमानतळाजवळ एक रात्र झोपून निघा. कोल्हापूरहून मुंबईच्या विमानाची वेळ जुळली, तर तेही पाहावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये. सासूबाईंचा पासपोर्ट नसेल आणि वेळ कमी असेल, तर अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, हा चांगला पर्याय आहे. फक्त तिथे संध्याकाळ लवकर मावळते आणि यजमानांना हवी ती वर्दळ तिथे मिळणार नाही, हे आधी सांगून टाकावे.

दिवस मी असे बसवीन. पोहोचल्याचा दिवस आणि दुसरा दिवस पूर्ण रिकामा: सकाळी किनारा, दुपारी झोप, संध्याकाळी चालत बाजार. तिसऱ्या दिवशी एकच सहल. चौथी सकाळ पुन्हा रिकामी आणि संध्याकाळी पातोंग. पाचव्या दिवशी दुपारनंतर फुकेत शहराचा जुना भाग. कथिलाच्या खाणींच्या पैशातून उभी राहिलेली चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरे तिथल्या थलांग रस्त्यावर आहेत, आणि तो दिवस रविवार असेल तर संध्याकाळी तिथेच पायी फिरण्याचा बाजार भरतो, त्यामुळे शक्य असल्यास रविवार तिथे येईल अशा तारखा धरा. सहावा दिवस मोकळा ठेवावा, कारण बोट हवामानामुळे रद्द झाली तर ती या दिवशी घेता येते. रिकामा दिवस वाया जातो असे टूरवाला म्हणेल, पण याच दिवसामुळे बाकीचे पाच दिवस तणावाविना जातात.

ती एक सहल कोणती, हे सासूबाईंवर अवलंबून आहे. फी फी बेटे स्पीडबोटीने तासाभरावर आहेत आणि बोट लाटांवर आपटत जाते. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला मी त्यात बसवत नाही. तिथली प्रसिद्ध माया खाडी प्रवाळांची हानी झाल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद करण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आता तिथे पूर्वीसारखे मनसोक्त पोहता येत नाही, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात ती बंद असते. त्याऐवजी फांग न्गा उपसागरातली मोठ्या बोटीची सहल घ्या. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, आतली गुहा-तळी आणि आडोशामुळे संथ असणारे पाणी, हे सगळे सासूबाईंना खुर्चीवर बसून पाहता येईल आणि मुलांना छोट्या होडीतून गुहेत जाता येईल. उलटीचा त्रास असणाऱ्याने बोटीच्या मागच्या भागात बसावे.

पाण्याबद्दल मी प्रत्येक कोल्हापूरकराला जरा कडक शब्दांत बोलतो. आपली मुले विहिरीत सूर मारून आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली असतात, त्यामुळे भीड चेपलेली असते. समुद्रातला परतीचा प्रवाह ही वेगळी गोष्ट आहे. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एक पट्टा शांत आणि गडद दिसतो, तिथे लाटा नाहीत म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, आणि किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत जाते ते त्याच पट्ट्यातून. त्यात सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झगडले तर चांगला पोहणाराही दमून बुडतो. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगावे, मदतीसाठी हात वर करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यावे. हे दोन्ही मुलांना निघण्याआधी घरी दोनदा सांगा. लाल-पिवळे बावटे जिथे आहेत त्यांच्या मधल्या भागात जीवरक्षकांचे लक्ष असते, तिथेच उतरावे. नुसता लाल बावटा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही खेळू नये.

फिरण्यासाठी भाड्याची स्कूटर घेण्याचा मोह यजमानांना होईल, कारण गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. पातोंग-कारोनमधले रस्ते चढ-उताराचे आहेत, आणि आंतरराष्ट्रीय परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मोबाइलवरून बोलावता येणाऱ्या गाड्या वापरा. शहराकडे जायला दिवसा सोंगथेव मिळतात, त्या आपल्याकडच्या वडापसारख्या मागे दोन बाकडी असलेल्या आणि स्वस्त असतात. टुकटुकचे भाडे बसण्याआधी ठरवावे.

जेवणाची काळजी आपण लिहिली नाही, पण सासूबाई शाकाहारी असतील असे धरून चालतो. तिथे नुसते ‘व्हेज’ म्हटल्याने भागत नाही, कारण भाजीतही माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, घालतात. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. चिनी-थाई परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतात आणि अशा दुकानावर पिवळ्या पताकेवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे अक्षर असते. जैन कुटुंबांना मी हेच सांगतो, फक्त त्यात बटाटा, गाजर आणि अळिंबी चालतात, तेवढे विचारून घ्यावे. सकाळच्या चहाबरोबर घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरेल एवढी न्यावी, त्याने ज्येष्ठांना फार धीर येतो.

सासूबाईंना एकदा तरी पायांच्या मालिशला घेऊन जा, दुकाने सगळीकडे आहेत. त्यांना बसवल्यावर गुडघ्याकडे बोट दाखवून ‘बाओ बाओ’ म्हणावे, त्याचा अर्थ हलक्या हाताने. मालिश करणारी बाई हसून मान डोलावते आणि गुडघा टाळून पोटरीपासून सुरुवात करते.

टूरवाल्याला आता एवढेच कळवा की हॉटेल एकच हवे, समुद्रावरची सहल एकच हवी, आणि शेवटचा दिवस हवामानासाठी मोकळा हवा. तो तयार झाला तर त्याच्याकडूनच घ्या, कारण बोट रद्द झाल्यावर फोन उचलणारा ओळखीचा माणूस असणे उपयोगी पडते. तयार नसेल, तर विमान, हॉटेल आणि विमानतळावरून नेणारी गाडी एवढ्या तीन गोष्टी आपण स्वतः ठरवू शकता. हॉटेलची नावे हाती आली की इथेच लिहा, नकाशावर पाहून कोणते उतारावर आहे आणि कोणते वाळूपासून जवळ, ते मी सांगतो.